पेण-रोह्याची आगगाडी आणि तिचे उतारू

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका म्हटली की वर्षाचा अहवाल, देणगीदारांची नावे, चार पाककृती आणि एखादी कविता हे ठरलेलेच असते. त्यांच्या जोडीला गावाच्या जुन्या दिवसांची हकीकत सांगणारा एक लेख असावा, अशी सूचना संपादक भगिनींनी केली, तेव्हा मी आगगाडीचा विषय सुचवला. "आगगाडीचे आणि महिला मंडळाचे काय नाते?" असे एक-दोघींनी विचारले. त्यांचा प्रश्न रास्तच होता. रूळ, पूल, बोगदे हा इंजिनियर लोकांचा प्रांत. पण गाडीत बसणारी माणसे हा सर्वांचाच प्रांत आहे, आणि गेल्या काही वर्षांत सकाळच्या गाडीला पेणच्या किंवा रोह्याच्या फलाटावर उभी राहणारी गर्दी पाहिली, तर तीत बायकामुलींची संख्या किती आहे हे कोणालाही मोजल्यावाचून कळेल. ही गर्दी एकाएकी आलेली नाही. तिच्यामागे दीडशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि तो आपण जाणून घेण्याजोगा आहे.

आपल्या भागातला जुना रस्ता म्हणजे पाणी. पेणहून भोगावतीच्या खाडीतून, अंतोऱ्याच्या बंदरावरून पडाव आणि मचवे मुंबईकडे जात. नागोठण्याला अंबा नदीची खाडी होती. रोह्याला कुंडलिका होती आणि तिच्या मुखाशी रेवदंडा. भात, मीठ, लाकूडफाटा, गवत हे सारे पाण्यानेच मुंबईस पोचे. पुढे आगबोटी आल्या आणि धरमतर हे मोठे नाके झाले. भाऊच्या धक्क्यावर बोट धरायची, धरमतरला उतरायचे आणि तिथून बैलगाडीने किंवा मागाहून मोटारीने आपापल्या गावी जायचे, हा कित्येक पिढ्यांचा क्रम होता. आपल्या आज्या-पणज्या लग्न होऊन या भागात आल्या त्या अशाच. भरती-ओहोटीच्या वेळा घरातल्या बायकांना तोंडपाठ असत, कारण पाहुणा जेवायला केव्हा पोचणार हे पंचांगातल्या तिथीवरून ठरे.

हा प्रवास स्वस्त होता, पण निर्धास्त नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. सणाला घरी येणारे चाकरमानी तीत होते, बाजारहाट करून परतणारे होते, कोळी होते. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले होते. कुलाबा जिल्ह्यात त्या श्रावणात किती घरी सण झाला नसेल याची कल्पनाच केलेली बरी. त्या दिवसानंतर बोटीने येणाऱ्या माणसाची वाट पाहताना बायकांच्या पोटात गोळा उठे, असे जुनी माणसे सांगत.

आता प्रश्न असा की, मुंबई एवढी जवळ असताना आगगाडी आपल्याकडे का आली नाही? हिंदुस्थानातली पहिली उतारूंची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. तीन वर्षांतच, १८५६ साली, रूळ खोपोलीपर्यंत येऊन पोचले. खोपोली म्हणजे आजच्या आपल्याच रायगड जिल्ह्यातले गाव, पेणपासून एका दिवसाच्या बैलगाडीच्या वाटेवर. १८६३ साली बोरघाट ओलांडून गाडी पुण्याच्या मार्गाला लागली. १९०७ साली नेरळहून माथेरानला छोटी गाडी सुरू झाली. जिल्ह्याच्या उत्तर अंगाला असे रूळच रूळ, आणि पेण, रोहे, माणगाव, महाड यांच्या वाट्याला मात्र काही नाही.

कारण सरळ आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही कंपनी होती. वऱ्हाड-खानदेशचा कापूस आणि देशावरचा माल मुंबई बंदरात आणणे हा तिचा हिशेब. कोकणातून न्यायचे ते काय? भात आणि मीठ. आणि तेही गलबते स्वस्तात नेतच होती. शिवाय खाड्या, डोंगर आणि पाऊस यांमुळे मैलागणिक खर्च फार. कोकणातून मुंबईला सर्वांत मोठ्या संख्येने गेली ती माणसे, गिरण्यांत आणि गोदीत राबायला. परंतु माणसांच्या जाण्यायेण्याचे मोल त्या हिशेबात फारसे नव्हते. म्हणून खोपोलीला १८५६ साली आलेली आगगाडी रोह्याला यायला १९८६ साल उजाडावे लागले. मध्ये एकशे तीस वर्षे गेली.

या एकशे तीस वर्षांचा परिणाम कोणावर झाला याचा विचार इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच आढळतो. बोट किंवा पुढे आलेली एस्.टी. ही माणसाला मुंबईस नेऊन सोडण्याची साधने होती. रोज नेऊन रोज आणण्याची नव्हेत. एस्.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला सुटली, आणि नंतरच्या वर्षांत तिचे जाळे आपल्याकडेही विणले गेले. तिने खेडी तालुक्याला जोडली, हे तिचे उपकार कोणी विसरणार नाही. परंतु मुंबईची नोकरी करायची तर मुंबईतच राहावे लागे. पुरुष जाई, चाळीत किंवा खोलीत दहा जणांत राही, आणि बाई घर, शेत, सासू-सासरे व मुले सांभाळून मनिऑर्डरीची वाट पाही. बाईने स्वतः नोकरीला बाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता. कारण जी बाहेर गेली ती संध्याकाळी चूल पेटवायला घरी परत कशी येणार? वाहतुकीच्या अभावाने पुरुष परगावी अडकला आणि स्त्री घरात अडकली, असे म्हटले तर चूक होणार नाही.

कोकणात रेल्वे हवी ही मागणी तशी जुनी. स्वातंत्र्यानंतर तिला जोर आला. अ. ब. वालावलकर यांनी या मार्गाचा ध्यास घेऊन आयुष्यातली कित्येक वर्षे त्यासाठी वेचली. बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत कोकणाचे गाऱ्हाणे मांडले. १९७१ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या जागी निवडून आलेले प्रा. मधु दंडवते यांनी तो प्रश्न हाती धरला, आणि १९७७ ते १९७९ या काळात ते स्वतःच रेल्वेमंत्री झाले. कोकणाला रेल्वे देणे हा पैशाचा अपव्यय आहे, असे म्हणणारे त्या वेळी पुष्कळ होते. "मनिऑर्डरीवर जगणाऱ्या मुलखाला गाडी कशाला?" असा त्यांचा सूर असे. मनिऑर्डरीवर का जगावे लागते, हा उलट प्रश्न मात्र थोडेच विचारीत.

प्रत्यक्ष रूळ आले ते तुकड्यातुकड्याने. १९६० नंतरच्या दशकात दिव्याहून पनवेलला आणि पुढे आपट्याला मार्ग झाला. आपट्याच्या पुढे जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी असे करीत तो १९८६ साली रोह्याला पोचला. दिव्यापासून रोह्यापर्यंतचे अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पनवेलपासून मोजले तर पाऊणशे. या मधल्या काळात जिल्ह्याचे नावही बदलले. १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचा रायगड झाला.

हा मार्ग कोणासाठी झाला, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तो मुख्यतः कारखान्यांसाठी झाला. रसायनीला कारखाने होते. थळला खतांचा प्रचंड कारखाना उभा राहिला आणि त्यासाठी पेणहून थळपर्यंत मालगाडीचे रूळ टाकले गेले. नागोठण्याला पेट्रोरसायनांचा प्रकल्प आला. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत होती. खते, रसायने, यंत्रे यांची ने-आण हे मार्गाचे पहिले काम. उतारूंची गाडी त्यामागून आली, पाहुण्याच्या ताटात वाढून उरलेले घरच्यांना मिळावे तशी. दिवसातून मोजक्या गाड्या, त्यांनाही डिझेलचे इंजिन, आणि रूळ एकेरी. समोरून दुसरी गाडी यायची असली म्हणजे कासूला नाही तर जित्याला आपली गाडी थांबून राही. डब्यातली माणसे खाली उतरून पाय मोकळे करीत आणि विळ्याच्या शेंगांपासून राजकारणापर्यंत सर्व विषयांवर बोलून होई. घड्याळ पाहून कामावर जाणाऱ्याला ही गाडी उपयोगाची नव्हती. लग्नाला, बारशाला, मयताला जाणाऱ्याला ती चाले.

मग रोह्याच्या भाग्याने एक मोठी गोष्ट घडली. १९८९ साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री झाले. दोघेही कोकणपट्टीच्या प्रश्नाचे जाणकार. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे पहिले प्रमुख. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चारही राज्यांनी त्यात भांडवल घातले, आणि लोकांकडून कर्जरोखे काढून पैसा उभा केला. १५ सप्टेंबर १९९० रोजी या मार्गाची पायाभरणी आपल्या रोह्यालाच झाली. जेथे मध्य रेल्वे संपते तेथून कोकण रेल्वे सुरू होते, हा मान रोह्याला मिळाला. १९९३ च्या जूनमध्ये रोहे ते वीर हा तुकडा खुला झाला, १९९५ साली खेड गाठले, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध ७४१ किलोमीटरच्या मार्गावर गाडी धावली. एक्क्याण्णव बोगदे आणि सुमारे दोन हजार लहानमोठे पूल असलेला हा मार्ग १ मे १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी राष्ट्राला अर्पण केला. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९९९ पासून, रोह्याशेजारच्या कोलाडहून गोव्यातील वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रक गाडीवर चढवून नेण्याची सोय झाली.

परंतु भगिनींनो, मोठ्या गाड्यांनी आपला रोजचा प्रश्न सुटला नाही. मुंबईहून मडगावला आणि मंगळूरला जाणाऱ्या बहुतेक गाड्या पेणच्या फलाटावरून धूळ उडवीत निघून जातात. त्यांचा वेग पाहून मुले टाळ्या पिटतात, एवढाच काय तो आपला लाभ. कोकणातल्या लोकांसाठी गाडी आली, आणि मुंबईला सर्वांत जवळचे जे कोकण, त्याच्याच वाट्याला थांबा आला नाही, असे गमतीने म्हटले जाते. लांबच्या गाडीने वाटेत फार थांबू नये हेही खरे आहे. म्हणून आपला खरा आधार राहिला तो साध्या, ठिकठिकाणी थांबणाऱ्या पॅसेंजर गाडीचा. तिचे उतारू कसे वाढत गेले ते आता पाहू.

पहिले कारण पनवेल. १९९२ साली मुंबईची लोकल खाडी ओलांडून वाशीला आली, पुढे नेरूळ-बेलापूर करीत १९९८ साली ती पनवेलला पोचली. एकाच वर्षी पनवेलच्या एका अंगाला कोकण रेल्वे पुरी झाली आणि दुसऱ्या अंगाला लोकल आली, हा योगायोग आपल्या फार कामी आला. आता पेण-रोह्याच्या माणसाला मुंबईस जाण्यासाठी दिव्याचा वळसा उरला नाही. पनवेलला उतरायचे आणि लोकल धरायची. इतकेच नव्हे, तर मुंबईपर्यंत जाण्याचेही कारण कमी झाले. पनवेल, खांदेश्वर, बेलापूर, वाशी येथेच कचेऱ्या, इस्पितळे, महाविद्यालये आणि दुकाने उभी राहिली. पेणहून पनवेल पस्तीस किलोमीटरच्या आसपास. गाडीने तासाच्या आतले अंतर. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणे जमू लागले.

दुसरे कारण सडकेचे. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या पट्ट्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले आणि दशकाहून अधिक काळ रेंगाळले. वडखळच्या नाक्यावर ज्यांनी गणपतीच्या दिवसांत तासन् तास काढले आहेत त्यांना अधिक सांगायला नको. पोटुशी बाई, आजारी म्हातारा, परीक्षेला निघालेली मुलगी यांना खड्ड्यांतून नेण्यापेक्षा गाडी बरी, असे घरोघर ठरू लागले. रस्त्याचे दुखणे गाडीच्या पथ्यावर पडले.

तिसरे कारण रुळांचे. पनवेल ते रोहे मार्ग दुपदरी झाला, त्यामुळे समोरच्या गाडीसाठी ताटकळणे बरेच कमी झाले. त्यापुढचा रोहे ते वीर हा पट्टाही ऑगस्ट २०२१ मध्ये दुपदरी झाला. मग वीज आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये पेणपर्यंत विजेवर चालणारी मेमू गाडी सुरू झाली, आणि नंतर ती रोह्यापर्यंत धावू लागली. मेमूला वेगळे इंजिन जोडावे लागत नाही. तिच्या डब्यांतच मोटारी असतात. ती थांबते चटकन आणि सुटतेही चटकन, त्यामुळे लहान स्टेशनांवर थांबूनही तिचा वेळ फारसा जात नाही. शेवटच्या स्टेशनावर इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावण्याची खटपटही नाही. हमरापूर, कासू, निडी यांसारख्या छोट्या थांब्यांना अशीच गाडी लाभदायक.

चौथे कारण माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याची नोंद कोठे होत नाही. ते म्हणजे घरातल्या बाईने गाडीच्या वेळेशी आपला दिवस जुळवून घेतला. पहाटे चारला उठायचे, दोन वेळचा स्वयंपाक करायचा, डबे भरायचे, पाणी भरायचे आणि पहिली गाडी गाठायची. परिचारिका, शिक्षिका, कारकून, दुकानांत काम करणाऱ्या मुली, परगावी घरकाम करणाऱ्या बाया, महाविद्यालयातल्या विद्यार्थिनी असा सगळा संसार त्या डब्यात असतो. खालच्या थांब्यांवर ठाकूर आणि कातकरी भगिनी पाट्या घेऊन चढतात. पावसाच्या तोंडावर शेवळे, मग करटोली आणि भारंगी, थंडीत वालाच्या शेंगा, उन्हाळ्यात करवंदे आणि सुकी मासळी. ऋतू कोणता चालला आहे हे डब्यातल्या पाट्यांवरून कळते. पेणच्या पापड-मिरगुंडांची पिशवी घेऊन पनवेलच्या आणि डोंबिवलीच्या गिऱ्हाइकांकडे जाणाऱ्या भगिनी आपल्यापैकीच आहेत. पेण आणि हमरापूरच्या भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला, डोळ्यांच्या आखणीला बायका मोठ्या संख्येने असतात; हंगामात त्यांचीही गर्दी असते. डब्यात मटार सोलले जातात, वाती वळल्या जातात, हळदीकुंकू होते, भिशी चालते, आणि कोणाच्या मुलीसाठी स्थळ पाहायचे असेल तर तेही ठरते. आपल्या मंडळाची सभा महिन्यातून एकदा. तिथली सभा रोज दोन वेळा.

मागच्या पिढीत मुंबईला जाणे म्हणजे मुंबईत राहणे होते. या पिढीत जाणे म्हणजे जाऊन येणे झाले. या फरकाचे मोल केवळ पगारात मोजता येणार नाही. मुलगी बारावी झाली की पुढचे शिक्षण कोठे, हा प्रश्न पूर्वी "आता पुरे" या दोन शब्दांत संपत असे, कारण वसतिगृहाचा खर्च आणि काळजी दोन्ही परवडत नसत. आता ती घरून जाऊ शकते. रेल्वेची एक सवलत पुष्कळ पालकांना अजून ठाऊक नाही: घर ते शाळा-महाविद्यालय या प्रवासासाठी विद्यार्थिनींना पदवीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास विनामूल्य मिळतो. शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या दाखल्यावर तो काढता येतो. आपल्या ओळखीच्या प्रत्येक घरात ही गोष्ट सांगावी.

हे सारे सुरळीत चालले होते असे मात्र नाही. ४ मे २०१४ रोजी, ऐन लग्नसराईच्या आणि सुटीच्या दिवसांत, दिव्याहून सावंतवाडीला निघालेली पॅसेंजर नागोठणे आणि रोहे यांच्या दरम्यान निडीजवळ रुळांवरून घसरली. इंजिनासह काही डबे कलंडले आणि सुमारे वीस माणसे मृत्यू पावली. शंभराहून अधिक जखमी झाली. आसपासच्या गावांतले लोक हातातले काम टाकून धावले आणि डब्यांतून माणसे बाहेर काढली. ज्या काठावर १९४७ साली 'रामदास'चे आक्रोश ऐकले गेले, त्याच जिल्ह्याने हाही दिवस पाहिला. गाडी वाढवताना रुळांची निगा आधी पाहिली पाहिजे, हा त्या दिवसाचा धडा आहे, आणि तो विसरता कामा नये.

दुसरी आपत्ती करोनाची. मार्च २०२० मध्ये देशभरच्या उतारूंच्या गाड्या थांबल्या. रेल्वेच्या सबंध इतिहासात असे कधी झाले नव्हते. गाड्या पुन्हा सुरू झाल्या त्या हळूहळू, आणि साध्या पॅसेंजर सर्वांत मागून. त्या आल्या तेव्हा त्यांचे तिकीट वाढलेले होते. दहा रुपयांचे किमान भाडे तीस रुपये झाले होते. पाटीभर भाजी विकून दीडदोनशे रुपये हाती येणाऱ्या बाईला जाऊन-येऊन साठ रुपये म्हणजे दिवसाची एकतृतीयांश कमाई. त्या काळात कित्येक पाट्या डब्यातून दिसेनाशा झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाडे पुन्हा पूर्वीसारखे, किमान दहा रुपये, झाले आणि गाडीतली गर्दी पुन्हा वाढली. भाडे आणि उतारू यांचा संबंध यापेक्षा स्पष्ट कोणी दाखवू शकणार नाही. एक गोष्ट मात्र पूर्ववत झाली नाही. रत्नागिरीहून पूर्वी थेट दादरपर्यंत जाणारी पॅसेंजर करोनानंतर दिव्यापर्यंतच येऊ लागली, आणि सामानसुमान घेऊन दिव्याच्या गर्दीत गाडी बदलणे किती कठीण, हे कोकणातल्या प्रत्येक कुटुंबाने अनुभवले.

पुढे काय, याचाही थोडा विचार करू. पनवेलच्या उंबरठ्यावर नवी मुंबईचे विमानतळ झाले आहे; त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. उरणपर्यंत जानेवारी २०२४ मध्ये लोकल पोचली. या सर्व ठिकाणी माणसे लागणार आणि त्यांतली पुष्कळ पेण-रोह्याहूनच जाणार. अलिबागकरांची मागणीही जुनी आहे: पेणहून थळकडे मालासाठी रूळ गेलेलेच आहेत, त्यांवर उतारूंची गाडी चालवावी. ती मागणी पुरी झाली तर पेण हे खरोखरीचे जंक्शन होईल.

आपण काय करू शकतो? मंडळाने मोर्चे काढावेत असे मी म्हणत नाही, पण चार साध्या गोष्टी आपल्या हातच्या आहेत. एक, प्रत्येकीने तिकीट किंवा पास काढावा. कोणत्या स्टेशनावर किती उतारू आहेत हे सरकारदरबारी तिकिटांवरूनच मोजले जाते. जी बिनतिकीट बसते ती दंड चुकवते खरी, पण आपल्या गावची संख्या एकाने कमी करते, आणि मग थांबा मागायला आपल्याजवळ आकडा उरत नाही. दोन, लहान स्टेशनांवरची शेड, पाणी, दिवे आणि स्वच्छतागृह यांची पाहणी मंडळाच्या भगिनींनी वर्षातून एकदा करावी आणि जे आढळेल ते तारखेसह लिहून द्यावे. तोंडी कुरकुर वाऱ्यावर जाते. लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते. तीन, संध्याकाळी उशिराच्या गाडीने परतणाऱ्या मुलींसाठी स्टेशन ते घर या वाटेची सोय आपण आळीआळीने पाहावी. गाडीतली सुरक्षितता रेल्वेने पाहायची; स्टेशनापासून घरापर्यंतची आपण. चार, फाटक बंद असताना रूळ ओलांडू नये, आणि मुलांना हे रोज सांगावे.

मुंबईच्या लोकलमध्ये ५ मे १९९२ रोजी चर्चगेटहून बोरिवलीला फक्त स्त्रियांसाठी म्हणून गाडी सुरू झाली, तेव्हा ती जगातली तशी पहिली समजली गेली. ती कोणी कृपा म्हणून दिली नाही. रोज उभ्याने प्रवास करणाऱ्या बायकांची संख्या एवढी वाढली की तिकडे डोळेझाक करता येईना, म्हणून ती आली. आपल्या मार्गावरही त्याच न्यायाने गाड्या वाढतील. पाण्याच्या वाटेने लग्न होऊन आलेल्या आज्या, एस्.टी.च्या वाटेने नवऱ्याची पत्रे मिळालेल्या आया, आणि आगगाडीच्या वाटेने स्वतः कामाला निघालेल्या मुली, असा हा आपल्या भागाचा तीन पिढ्यांचा प्रवास आहे. मालासाठी टाकलेल्या रुळांवर माणसांनी आपला हक्क सांगितला, आणि त्या माणसांत आपण आहोत.